भाजीचे कूळ पाहून वाफा बदला

भात निघाले की भाईंदरजवळच्या राई, मुर्धे, उत्तन, डोंगरी या गावांत भाजीचे वाफे होऊ लागतात. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, शेते गुंठ्यांवर आली. जागा थोडी, म्हणून पुन्हा त्याच वाफ्यात भाजी लागते. "गेल्या साली वांगी होती, यंदा मिरची लावली, पीक बदलले," असे आपण म्हणतो. पीक बदलले खरे, पण कूळ तेच राहिले!

वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एका घरची भावंडे. त्यांची फुले शेजारी ठेवून पाहा, चेहरामोहरा सारखाच. (रताळे मात्र बटाट्याचे कोणी नव्हे, ते गारवेलीच्या कुळातले.) नाते इतके जवळचे की वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम धरते. मग दुखणेही एकच. कोकणच्या दमट हवेत जीवाणूंमुळे मर रोग येतो. हिरवेगार झाड भर दुपारी मान टाकते आणि थोड्याच दिवसांत वाळते. शंका आली तर बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगता धरा. दुधासारखे धागे खाली सुटले तर मर समजावी. मग फवारणीवर पैसे घालू नका. झाड मुळासकट उपटून जाळा, त्या वाफ्याचे पाणी दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

हा जीवाणू मातीत वर्षानुवर्षे राहतो. भातखाचरात पावसाळाभर पाणी असते, तेथे त्याचा जोर घटतो. परसात आणि वरकस जागेत तो मुक्काम ठोकतो. तेथे निदान तीन वर्षे या कुळातले काही लावू नये. बांधावरची कामोणी, भुईरिंगणी हीसुद्धा त्याच घरची, तीही काढा. त्या जागी वाल, चवळी घ्या. त्यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. मुळा, कोबी, फ्लॉवर हे मोहरीचे भाईबंद, तेही चालतील.

दोनच गुंठे असतील तर चार भाग पाडा आणि कोठे कोणते कूळ होते ते मुलांकडून वहीत लिहून घ्या. टोमॅटो हवाच असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण मरीपुढे बराच टिकतो. तोही नव्या वाफ्यातच लावा.