धडधड नको, ठेका हवा

मैत्रिणींनो, टीव्हीबरोबर सबवूफर घरात आला, की एक तक्रार ठरलेली, "गाणं कमी, धडधडच जास्त!" मग मंडळी आणखी मोठा घ्यायला निघतात. पण पैसे मोडण्यापूर्वी जरा थांबा.

आपल्या शेगावच्या पालखीतला मृदंग आठवा. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात. कातडं जड झालं, की सावकाश थरथरतं आणि आवाज खर्जात उतरतो. सबवूफरचा पडदाही म्हणूनच मोठा नि जड असतो. मात्र ठोका संपला की तो तिथंच थांबायला हवा. घुमतच राहिला, तर सगळा ठेका गिचमिड होतो. म्हणून घेताना खोका जाड आणि घट्ट जोडलेला बघावा; वाजताना त्यावर हात ठेवला तर तो थरथरता कामा नये.

दुसरी गोष्ट जागेची. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट सुमारे २२ फूट लांब असते. आपली खोली दहा-बारा फुटांची! भिंतींवरून परतलेल्या लाटांमुळे आवाज कुठे साचतो, कुठे विरतो. कोपऱ्यात तर हमखास साचतो.

यावर बिनखर्ची उपाय आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, मृदंगाचा ओळखीचा अभंग लावा आणि भिंतीकडेनं वाकून फिरा. जिथं प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल, तीच त्याची जागा. फळीवरची भांडी वाजत असतील, तर तीही सरकवा.

आणि हो, खर्ज भिंतीला जुमानत नाही. पलीकडं शेजारणीचं तान्हं झोपलेलं असतं, एवढं ध्यानात असू द्या!