पुढच्या ब्रेकचे भय

यंत्राविषयीच्या काही समजुती त्या यंत्राहूनही दीर्घायुषी ठरतात. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, ही अशीच एक समजूत होय. बंगळूर शहरात जुन्या मोटरसायकली मोठ्या हौसेने जतन केल्या जातात. त्यांची टाकी रंगवली जाते, मडगार्ड चकाकते, इंजिन उघडून नवे केले जाते. परंतु पुढच्या ब्रेकची पाळी बहुधा शेवटी येते. हा क्रम उलटा असला पाहिजे.

वळणावर किंवा वाळूवर पुढचे चाक एकाएकी अडले तर गाडी घसरते, हे खरे. तथापि सरळ, कोरड्या रस्त्यावरची स्थिती निराळी असते. वेग कमी होऊ लागताच गाडीचा व चालकाचा भार पुढे सरकतो. मागचे चाक हलके होते आणि थोड्याशा दाबानेही घसरते. उलट पुढचे चाक रस्त्याला अधिक घट्ट धरते. म्हणून गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्याच ब्रेकने करावयाचे असते. तो झटक्याने नव्हे, तर क्रमाक्रमाने दाबावा, एवढेच.

म्हैसूरच्या कारखान्यात बनलेल्या जावा आणि येझदी गाड्यांचा पुढचा ब्रेक तारेने ओढला जाई. पुढे, या शतकाच्या आरंभी, 2001 साली आलेल्या पल्सरसारख्या गाड्यांनी द्रवदाबाचा डिस्क ब्रेक सामान्य घरापर्यंत आणला. या गाड्याही आता जुन्या झाल्या आहेत. त्यांच्या ब्रेकचे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (1623–1662) याने सांगितलेले आहे : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. समजा, मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधील दट्ट्याचे 6 चौरस सेंटिमीटर आहे. मग पहिल्यावर दिलेले बल दुसऱ्यावर सहापट होते. मात्र द्रव दबत नाही म्हणूनच हे घडते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की बोटांचे बल तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते आणि लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो.

दुसरा शत्रू पाणी. प्रचलित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर तो 155 अंशांपर्यंतही उतरू शकतो. नंदी डोंगराचा लांब उतार सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीत डिस्क तापते, उष्णता तेलात जाते, तेलातील पाण्याची वाफ होते, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी लिव्हर मुठीला टेकतो.

कॅलिपरमधील चौकोनी काटाचे रबरी सील दाब सुटताच दट्ट्याला किंचित मागे ओढते. त्याच्या खोबणीत मळ साचला, किंवा दट्ट्या गंजला, की पॅड डिस्कला घासतच राहतात. म्हणून जुन्या ब्रेकमध्ये नुसते तेल ओतणे ही दुरुस्ती नव्हे. कॅलिपर उघडून दट्ट्या बाहेर काढावा. खोबण स्वच्छ करावी. गंजलेला वा ओरखडे पडलेला दट्ट्या बदलावा. सील नवे घालावे आणि त्यास ताजे ब्रेक ऑइलच लावावे. पेट्रोल, इंजिन ऑइल अथवा साधे ग्रीस यांनी हे रबर फुगते. मास्टर सिलिंडरचीही हीच व्यवस्था करावी.

त्यानंतर हवा काढावी. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक तेलात बुडवावे. लिव्हर दाबून धरावा, निपल सैल करावे, आणि लिव्हर सोडण्यापूर्वीच ते पुन्हा घट्ट करावे. बुडबुडे थांबेपर्यंत हाच क्रम चालवावा. वरच्या भांड्यातील तेल मात्र कधीही संपू देऊ नये. हे काम जाणत्याच्या देखरेखीखाली शिकावे आणि गाडी प्रथम मोकळ्या जागी, मंद वेगाने पारखावी.

‘ब्रेक लागतो आहे ना, मग खर्च कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. पण शहरात मंद गतीने लागणारा ब्रेक उतारावर लागेलच, याची हमी त्यातून मिळत नाही. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना वाहनाची तपासणी होते. परंतु सीलखालचा गंज आणि तेलातील पाणी वरवरच्या नजरेस दिसत नाही. ते पाहण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. साधारणतः दोन वर्षांनी तेल बदलावे आणि त्याची तारीख लिहून ठेवावी, हा नियम अंगवळणी पडला पाहिजे.

येथे एक दुष्टचक्र आहे. भयामुळे पुढचा ब्रेक वापरला जात नाही. न वापरल्याने त्याची कोणी काळजी घेत नाही. दुर्लक्षाने तो अडकतो अथवा निकामी होतो. आणि त्याचे हे वागणेच मूळच्या भयाला पुरावा ठरते. उपदेशाने हे चक्र तुटणार नाही. पाना, नवे सील आणि कोरे तेल यांनी ते तुटेल. जुन्या गाडीचा जीर्णोद्धार करणाऱ्याने रंगाचा डबा उघडण्यापूर्वी कॅलिपर उघडावा. चालणारी गाडी ही यंत्राची निम्मीच सिद्धी होय. हवी तेथे थांबणारी गाडी ही पूर्ण सिद्धी.