जमाव म्हणजे पूर नव्हे

‘जमाव भडकला, कुणाचा इलाज चालला नाही.’ प्रत्येक दंगलीनंतर हे वाक्य ऐकू येते. मित्रांनो, यावर विश्वास ठेवणे आता बंद करू या. जमाव म्हणजे नदीचा पूर नव्हे. त्याला कुणीतरी गोळा करतो, कुणीतरी चिथावतो. आणि ज्याच्या हाती अधिकार आहे तो त्याला अडवतो किंवा मोकळा सोडतो.

पुरावा हवा तर भिवंडी पाहा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत हे यंत्रमागांचे शहर होरपळले होते. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईत ९०० माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. भिवंडीकर काही रातोरात साधुसंत झाले नव्हते. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याआधी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसोबत एकत्र बसू लागले होते. दंगल रोखण्याचे काम शांततेच्या दिवसांतच झाले होते.

मतांच्या जोरावर सरकार बनते. शेजाऱ्याचे दुकान जाळण्याचा परवाना मिळत नाही. अल्पसंख्याकांशी भेदभाव न करणे हे बहुसंख्याकांचे कर्तव्य आहे, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते. विरोधकाला कुणीही दटावतो. आपल्याच मतदाराला ‘थांब’ म्हणतो, तो नेता.

हीच कसोटी आपल्याकडेही लावा. एखाद्या पोस्टवरून आपली पोरे पोलीस ठाण्यावर चालून जातात, तेव्हा कौमचे पुढारी कुठे असतात? दुसऱ्यांच्या जमावावर तावातावाने बोलायचे आणि आपल्या जमावापुढे गप्प बसायचे, याला पुढारपण म्हणत नाहीत.

आणि शांतता समितीत चहा पिऊन फोटो काढणे आता पुरे. जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला नोडल अधिकारी नेमा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी दिला. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यासही सांगितले. तुमच्या जिल्ह्यात हा अधिकारी कोण? त्याने वर्षभरात काय केले? माहिती अधिकारात अर्ज करा, लेखी उत्तर घ्या. आमदार मते मागायला येतील तेव्हा तोच कागद त्यांच्यापुढे ठेवा. दंगलीनंतर सांत्वनाला येणारे पुष्कळ असतात; आपल्याला दंगलीआधी येणारे हवेत.