पोपटाचा भाव किलोवर नको

मी माळकरी माणूस, बिअरच्या नळाशी माझा काय संबंध? पण अमेरिकेत नोकरी करणारा माझा भाचा या नळांच्या मुठी जमवतो. मासा, अस्वल, कवटी, वाटेल तो आकार. १९३३ साली तिथली दारूबंदी उठली, तेव्हा नळातून कोणती बिअर येते हे गिऱ्हाइकाला दिसलंच पाहिजे, असा दंडक काही राज्यांनी घातला. आधी नाव लिहिलेले गोळे आले, पुढे मुठींना हातपाय फुटले. घरात सगळे त्याच्या या छंदाला हसतात. मी हसत नाही, कारण आपल्याकडे याच तोलाची वस्तू रोज मोडीत जाते.

अंबाजोगाई, धारूर, नेकनूर, कुठल्याही बाजारात मोडवाल्याचं पोतं उपडं करून बघा. तांब्या, समया आणि निकामी नळांत एखादा पितळी अडकित्ता सापडतो. दोन दांड्या म्हणजे बाई आणि बुवा. दाबलं की दोघं जवळ येतात, मधल्या मधे सुपारी फुटते. कुणाचा पोपट, कुणाचा घोडा. ज्या कारागिरानं हे ओतलं, त्याला विनोदाचं चांगलंच अंग होतं. मोडवाला मात्र आधी लोखंडी पातं ठोकून काढतो, कारण लोखंडाचा भाव वेगळा. उरलेला पोपट तराजूत.

सुपारी सुटली ते बरंच झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच तिला कर्करोगकारक ठरवलंय. पण सुपारीबरोबर अडकित्ताही फेकायचा, हा कुठला न्याय? भाचाही कुठे रोज बिअर पितो!

पुण्यात दिनकर केळकरांनी चष्म्याचं दुकान सांभाळत घरोघरच्या असल्याच वस्तू जमवल्या. दिवे, कुलपं, अडकित्ते. सात वर्षांचा मुलगा गेला, त्याच्या नावानं ‘राजा केळकर संग्रहालय’ उभं केलं आणि १९७५ साली ते सरकारच्या हवाली केलं. पुणं लांब वाटत असेल तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. तिथे रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यानं गावच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू गोळा केल्या. तेरची हस्तिदंती स्त्री-मूर्ती प्रसिद्ध आहे. तिच्यासारखीच एक १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. ती आरशाची मूठ असावी, असा एक तर्क आहे. म्हणजे मुठीला माणसाचं रूप देण्याची हौस आपल्या मुलखाला नवी नाही.

माझं म्हणणं एवढंच, की नुसतं जमवून भागत नाही. अडकित्ता कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा, कुणी वापरला, हे लिहून ठेवलं नाही तर तो शोकेसमधला शोभेचा तुकडा होतो. हे सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. शाळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना याच कामाला लावावं: फोटो, माप, गाव, आजीचं बोलणं. जिल्हा नियोजनाच्या निधीतून अंबाजोगाईत एक कोरडी खोली आणि चार काचेची कपाटं सहज होतील. तोवर कुणी अडकित्ता मोडीला काढलाच, तर मोडीचा भाव मी देईन, वर चहा. पातं मात्र काढू नका.