वांव आणि पुरुष

विहिरीची खोली सांगतांना आमच्या घरांतील जुनीं माणसें अद्याप 'पुरुष' म्हणतात आणि दोराची लांबी सांगतांना 'वांव'. दोन्ही हात आडवे पसरले असतां एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत जें अंतर भरतें ती वांव. आणि उभ्या माणसानें हात वर केला असतां तळव्यापासून बोटांच्या टोंकापर्यंत जी उंची होते तो पुरुष. शुल्बसूत्रांत अग्निचयनाची वेदी मोजावयाची ती याच दुसऱ्या मापानें, म्हणजे हात उंचावून उभ्या राहिलेल्या यजमानाच्या मापानें. हीं मापें फुटांनीं आणि मीटरांनीं कधींच मागें टाकिलीं, अशी माझी समजूत होती. परंतु अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलचे संघ तरुण खेळाडू पत्करण्यापूर्वीं त्याच्या अंगाचीं जीं मापें पाहतात, त्यांत याच दोहोंना मोठा मान आहे, हें मला परवां कळलें.

कळण्याचें कारण घरांतच घडलें. माझ्या पुतण्याचे चिरंजीव चौदा वर्षांचे आहेत. त्यांना त्यांच्या क्रीडाशिक्षकांनीं सांगितलें कीं, तुझे हात आखूड आहेत, या खेळाचा नाद सोड. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाहीं. शेवटीं त्याच्या काकूनें शिवणाची फीत आणून त्याला भिंतीशीं उभें केलें. उंची पांच फूट चार इंच, वांव पांच फूट तीन इंच. "आजोबा, सर म्हणतात तें खरें का हो?" असें त्यानें मला विचारलें. एका इंचासाठीं पोरानें खेळ सोडावा हें मला रुचलें नाहीं. पण शहानिशा न करितां "खोटें आहे" म्हणणें हेंही माझ्या हातून होईना. तेव्हां त्याच्या थोरल्या बहिणीस जवळ बसवून जमेल तितकी माहिती मिळविली. ती वाचकांपुढें ठेवितों.

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या मूळच्या कॅनडांतील शिक्षकानें रचला. हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां यावें एवढाच त्याचा हेतु. पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या त्यानें व्यायामशाळेच्या सज्ज्याला खिळल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर बसली. आणि टोपली जाऊन लोखंडी कडें आलें तरी ती उंची अद्याप तीच आहे. सज्जा दोन फूट वर बांधला असता तर कित्येकांच्या कुंडल्या बदलल्या असत्या! रघुवंशाच्या आरंभीं कालिदासानें विनयानें स्वतःस एका ठेंगण्याची उपमा दिली आहे. उंच माणसालाच मिळण्याजोग्या फळाकडे तो लोभानें हात उंचावतो आणि हंसें करून घेतो. नेस्मिथच्या टोपलीखालीं उभ्या असलेल्या सामान्य माणसाची अवस्था त्याहून निराळी नाहीं.

आतां सर्वसाधारण समज असा कीं, या खेळाला उंची लागते. ती लागते हें खरें. पण उंचींत मान आणि डोकें हीं दोन्ही येतात, आणि त्या दोहोंनीं चेंडू अडवितां येत नाहीं. अडवितो तो हात. सारख्या उंचीचे दोन गडी शेजारीं उभे केले आणि एकाचे हात लांब व खांदे उंच असले, तर त्याचा 'पुरुष' दुसऱ्याहून चार-सहा इंचांनीं सहज अधिक भरतो. ड्रेमंड ग्रीन हा साडेसहा फुटांच्या आसपासचा गडी, म्हणजे ज्या धिप्पाड लोकांना तो अडवितो त्यांच्या मानानें बुटकाच. परंतु त्याची वांव सात फुटांवर आहे. २०१२ सालीं त्याला पस्तिसाव्या क्रमांकावर निवडलें, आणि २०१७ सालीं तो बचावाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सामान्य माणसाची वांव उंचीइतकीच किंवा किंचित अधिक असते. लिओनार्दोनें १४९० च्या सुमारास काढलेल्या वर्तुळांतील पुरुषाच्या चित्रांत हेंच दाखविलें आहे, आणि आपल्याकडेही वांव व उंची समान असलेल्यास न्यग्रोधपरिमंडल म्हणून वाखाणलें आहे. उलट श्रीरामचंद्राला वाल्मीकीनें आजानुबाहु म्हटलें. आपल्या पूर्वजांनीं दोहोंची स्तुति केली, बास्केटबॉलवाल्यांनीं मात्र आजानुबाहूंचाच पक्ष घेतला. डेव्हिड एप्स्टाइन यांच्या २०१३ सालच्या 'द स्पोर्ट्स जीन' या ग्रंथांत अमेरिकन व्यावसायिक खेळाडूंची वांव उंचीच्या सरासरी १.०६३ पट दिली आहे. म्हणजे सहा फूट सात इंच उंचीच्या खेळाडूची वांव सात फूट!

लांब हाताचा प्रताप पाहावयाचा तर सुदानांतील डिंका जमातीच्या मानुट बोल याचा पाहावा. उंची सात फूट सात इंच, वांव साडेआठ फूट. १९८५-८६ च्या पहिल्याच हंगामांत त्यानें प्रतिस्पर्ध्यांचे ३९७ फेंक हातानें अडविले. साऱ्या कारकीर्दींत त्यानें अडविलेले फेंक २,०८६ आणि मिळविलेले गुण १,५९९. घेण्यापेक्षां अडविण्यांतच ज्याची कीर्ति असे गृहस्थ आपल्या भाऊबंदांत पुष्कळ असतात. पण त्याबद्दल त्यांना कोणी वेतन देत नाहीं.

केव्हिन ड्युरंट याची गोष्ट मला अधिक बोधक वाटली. २००७ सालच्या निवड-परीक्षेंत उताणें निजून १८५ पौंडांचें वजन त्याला एकदांही उचलतां आलें नाहीं. लोकांनीं चेष्टा केली. पण हात जितका लांब तितकें वजन अधिक उंच न्यावें लागतें, हें चेष्टा करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नसावें. ज्या हातांनीं त्या दिवशीं त्याला उणें ठरविलें, त्या सव्वासात फुटांहून मोठ्या वांवेच्या हातांवरून फेंकलेला चेंडू पुढें कोणाला अडवितां येईना. २०१४ सालीं तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१७ व २०१८ सालीं त्याचा संघ अजिंक्य झाला.

इतकें वाचून मी खिन्न झालों. क्रीडाशिक्षक बरोबर ठरतात कीं काय! परंतु मुलीनें पुढचीं पानें उघडलीं. २०१९ च्या परीक्षेंत टाको फॉल नांवाच्या तरुणाची वांव आठ फूट सव्वादोन इंच भरली. त्याचा 'पुरुष' दहा फूट अडीच इंच. म्हणजे टांच न उचलतां हात कड्याच्या वर. त्या वर्षींच्या निवडींत त्याला कोणीही घेतलें नाहीं. मागाहून दोन संघांकडून मिळून तो ३७ सामने खेळला. उलट सात फूट साडेआठ इंच वांवेचा फ्रेंच खेळाडू रूडी गोबेर २०१३ सालीं सत्ताविसाव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि त्यानें बचावाचा मोठा सन्मान चार वेळां मिळविला. दोघेही दीर्घबाहु, फरक हातांत नव्हता. वेदपाठशाळेंत ज्याची धारणा चांगली तोच प्रवेश पावतो. पण आंत गेल्यावर साऱ्यांचीच धारणा चांगली, तेव्हां घनपाठी कोण होणार हें धारणेवरून सांगतां येत नाहीं. लांब हात हा देवडीवरचा परवाना आहे. आंत पंक्तीला कोण कोठें बसेल हें पाय, डोळा आणि प्रसंगावधान ठरवितें.

शिवाय नियम करणाऱ्यांनींही लांब हातांना लगाम घातला आहे. कड्याकडे खालीं उतरूं लागलेला चेंडू बचाव करणारानें अडवूं नये, असा नियम अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांत १९४४ सालीं आला. पुढें १९७९ सालीं अमेरिकेंतील मुख्य व्यावसायिक स्पर्धेंत दूरच्या एका रेषेपलीकडून टाकलेल्या चेंडूला दोनांऐवजीं तीन गुण मिळूं लागले, आणि आखूड हातांच्या माणसाला पहिल्यानेंच खरा वाव मिळाला. जे. जे. रेडिक याची वांव उंचीहून कमी, अगदीं आमच्या चिरंजिवांसारखी. तो २००६ पासून २०२१ पर्यंत पंधरा हंगाम खेळला आणि त्या रेषेपलीकडचे त्याचे शंभरांतील एक्केचाळीसांहून अधिक फेंक कड्यांत पडले. स्टीफन करी याची वांव उंचीहून जेमतेम दीड इंच अधिक. २०२१ च्या डिसेंबरांत त्यानें तीन गुणांच्या फेंकींचा सर्वांत मोठा विक्रम आपल्या नांवावर केला.

एक गोष्ट मात्र घरोघरच्या वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावी म्हणून मुद्दाम लिहितों. वांव उंचीच्या १.०५ पटींहून अधिक असणें ही मार्फान नांवाच्या विकाराची एक खूण मानतात. सुमारें पांच हजारांत एकाला हा जन्मजात विकार असतो. त्यांत शरीराचे जोडतंतु दुबळे असल्यामुळें हृदयापासून निघणारी मुख्य धमनी फुगत जाते आणि श्रमानें फाटूं शकते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटु फ्लो हायमन १९८६ सालीं जपानांत सामना चालू असतां कोसळली व वारली, कारण हेंच. २०१४ च्या जूनमध्यें आयझाया ऑस्टिन या तरुणाला हा विकार असल्याचें निवडीला थोडेच दिवस उरले असतां कळलें, आणि त्याची निवड बुडाली. संस्थेच्या प्रमुखांनीं त्या समारंभांत त्याचें नांव मानासाठीं पुकारलें. २०१६ सालीं वैद्यांनीं अनुज्ञा दिल्यावर तो परदेशीं खेळूं लागला. लांब हातांचीं बहुतेक माणसें निरोगीच असतात. पण मूल फार उंच, कृश, लांबट बोटांचें असून छातीचा आकार निराळा किंवा दृष्टि फार अधू असेल, तर खेळाच्या पथकांत धाडण्यापूर्वीं हृदय तपासून घ्यावें.

हें सारें मी चिरंजिवांना वाचून दाखविलें. धंदेवाईक खेळाडू होण्याची आशा थोडी आहे, हेंही लपविलें नाहीं. त्यानें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "आजोबा, आपल्याकडे ती रेषा किती लांब असते?" पावणेसात मीटर, असें बहिणीनें सांगितलें. मागील दारच्या भिंतीला कडें ठोकून तो स्वतःच्याच वांवेनें अंगण मोजूं लागला. चौथ्या वांवेस तुळशीवृंदावन आड आलें. त्याच्या आजीचें म्हणणें, कडें हलवावें, वृंदावन हलणार नाहीं. कडें दुसऱ्या भिंतीला न्यावें तर तेथें माझ्या खोलीची खिडकी आहे. वाद अद्याप मिटलेला नाहीं.