एक मिलिमीटरचा पट्टा

भातुकलीतले जाते फिरवणारी आणि दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे उभे करणारी मुले एक गोष्ट नकळत शिकत असतात. मोठी वस्तू लहान करायची असेल, तर आधी ती मोठी वस्तू नीट पाहावी लागते. खुंटा नसलेले जाते हे जाते वाटत नाही. मोठेपणी बहुतेकांची ही पाहण्याची सवय सुटते. लखनौ शहराने मात्र तिची कला केली. एकोणिसाव्या शतकात तेथील कारागिरांनी मातीतून घडवलेल्या लहान प्रतिमा दूरदूरच्या प्रदर्शनांत नावाजल्या गेल्या. रोजच्या जीवनातील माणसे, त्यांचे व्यवसाय आणि त्यांचे पोशाख त्यांत बारकाव्यांसह उतरले होते.

विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवण्याचा छंद हा याच कुळातला आहे. लखनौला विमानेही परकी नाहीत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांची उपसाधने तयार करणारा विभाग १९७० पासून तेथे आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत देशभरातील विद्यार्थ्यांना विमानांच्या प्रतिकृती बनवण्याची ओळख करून दिली जाते. या छंदातील सर्वांत किचकट कामांपैकी एक म्हणजे वैमानिकाच्या आसनावरील सुरक्षापट्टा तयार करणे.

खऱ्या विमानातील पट्टा साधारण पाच सेंटीमीटर रुंद असतो. प्रतिकृती १ : ४८ या प्रमाणात असेल, तर तो सुमारे एक मिलिमीटरचा होतो, म्हणजे जवळपास बारीक शेवईएवढा. १ : ७२ या प्रमाणात तर तो त्याहूनही अरुंद, सुमारे ०.७ मिलिमीटरचा करावा लागतो. कोणी तो कागदाचा किंवा चिकटपट्टीचा कापतात, तर कोणी पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरलेले तयार पट्टे वापरतात. बकल चिमट्याने धरायचे, त्यातून पट्टा ओवायचा आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच गोंद लावायचा. श्वास जोरात सोडला तरी बकल उडून जाते आणि मग ते शोधण्यात अर्धा तास जातो.

पण खरी कसोटी त्यापुढे असते. कापडाला वजन असते. ते आसनाच्या कडेवरून सैलसर ओघळते, मध्येच पीळ खाते. पितळ मात्र ताठ उभे राहते. म्हणून ते थोडे तापवून मऊ करावे लागते आणि कापडासारखे वाकवावे लागते. मग पातळ केलेला गडद रंग त्याच्या कडांना लावला, की तेथे सावली दिसू लागते. एवढे सारे झाल्यावर विमानाचे दोन भाग जोडले जातात, वर पारदर्शक झाकण बसते आणि तो पट्टा जवळजवळ दिसेनासा होतो.

जे दिसणारच नाही, त्यासाठी एवढा वेळ आणि डोळे का झिजवायचे, असा प्रश्न कोणीही विचारील. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्यांना पोटासाठी दिवसभर राबावे लागते, त्यांना तर हा रिकामपणाचा उद्योगच वाटेल. तथापि पट्ट्याचा इतिहास पाहिला, तर त्याचे मोल वेगळे दिसते. सुरुवातीच्या विमानांत असे पट्टे नसत. १९१० मध्ये बेंजामिन फुलॉय या अमेरिकन लष्करी वैमानिकावर आसनावरून फेकले जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आसनाला चामडी पट्टा बसवून घेतला. १९१३ मध्ये फ्रान्समध्ये आदॉल्फ पेगू यांनी विमान उलटे उडवून दाखवले, तेही पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊनच. पुढे विमानांच्या आसनांवर काम केलेले स्वीडिश अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये मोटारीसाठी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला. यंत्राच्या आत बसणाऱ्या माणसाचा विचार कोणीतरी केला, याची खूण म्हणजे हा पट्टा. प्रतिकृतीतही पंख आणि शेपटी यंत्राची ओळख देतात. येथे माणूस बसतो, हे पट्टा सांगतो.

न दिसणाऱ्या कामाचे मोल लखनौची चिकनकारी अधिक जाणते. बखिया या टाक्यात दोरा झिरझिरीत कापडाच्या उलट्या बाजूने भरतात. सुलट बाजूस त्याची केवळ सावली उमटते. मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असतो. जाळी करताना कापडाचा धागा तोडत नाहीत, सुईने हलकेच बाजूला सारतात. पाहणाऱ्याला सुलट बाजू दिसते, पण तिचे सौंदर्य उलट्या बाजूवर उभे असते.

मात्र येथे एक फरक विसरता येणार नाही. प्रतिकृती बनवणारा पट्ट्यावर चार संध्याकाळी खर्च करतो, तो स्वतःच्या आनंदासाठी. चिकनचे काम प्रामुख्याने स्त्रिया घरी बसून करतात आणि त्यांना नगामागे मजुरी मिळते. बारीक टाक्याला वेळ अधिक लागतो, डोळे अधिक शिणतात. तरी दाम त्या मानाने वाढत नाही. मग टाका विरळ होतो, मुर्रीची जागा सोपे काम घेते. हा कामचुकारपणा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निष्ठेची अपेक्षा करणाऱ्याने तिची किंमत देण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. २००८ मध्ये लखनौच्या चिकनकारीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाचे रक्षण झाले. परंतु टाक्याचे रक्षण नुसत्या नावाने होत नाही. बारीक आणि भरड यांतला भेद ओळखणारी नजर ग्राहकाजवळही असावी लागते.

प्रतिकृतीच्या छंदाचे खरे महत्त्व या नजरेत आहे. ज्याने एक मिलिमीटरचा पट्टा स्वतः ओवला आहे, त्याला दुसऱ्याच्या हातांना किती कष्ट पडले, हे सांगावे लागत नाही. शिवणकाम, गवंडीकाम किंवा विजेची जोडणी करणाऱ्यांनाही हा अनुभव असतोच. भिंतीतली वायर नीट जोडली आहे की नाही, हे गिलावा झाल्यावर कोणाला दिसते? तरीही त्या घरात राहणाऱ्यांचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. म्हणून चांगले काम करणाऱ्यांइतकीच ते ओळखणाऱ्यांचीही समाजाला गरज आहे. चिकनचा कुडता घेताना त्याच्या किमतीवरून घासाघीस करण्याआधी तो एकदा उलटून पाहावा.