कंबरदुखी : मणके जोडण्याची घाई कशाला?

परतवाड्यातला रुग्ण एमआरआयची फाइल घेऊन अमरावती, नागपूर गाठतो. रिपोर्टमध्ये ‘गादी झिजली’ वाचले की घरचे घाबरतात. पण कंबर न दुखणाऱ्या विशीतल्या 37 टक्के लोकांतही अशी झीज आढळते, असे 2015 च्या संशोधन-आढाव्यात दिसले.

फ्युजनमध्ये स्क्रू, रॉड आणि हाडाचे तुकडे वापरून मणके कायमचे जोडतात. नंतर काही महिने संत्र्याचे कॅरेट उचलणे बंद. ब्रिटनमधील 349 रुग्णांच्या चाचणीत (2005) नियोजित व्यायामोपचारापेक्षा त्याचा ठळक फायदा दिसला नाही.

मणका सरकला किंवा पायातली ताकद जात असेल, तर गोष्ट वेगळी. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी आधी विचारा : डॉक्टर, मणके जोडायचे नेमके कशासाठी?